मराठवाड्यात फुलांची झाडं कधी आणि कशी छाटायची: गुलमोहर, बहावा, ताम्हण, कांचन, चाफा

आपल्याकडं दारातल्या फुलांच्या झाडावर कोयता पडायचे दोन ठरलेले मुहूर्त आहेत. एक दिवाळीच्या आधी, घराला रंग द्यायचा असतो, गच्चीवर पाला पडतो म्हणून जाता जाता फांद्या उडवल्या जातात. दुसरा मे महिन्यात, वळवाचं वारं सुटायच्या आधी, फांदी पत्र्यावर पडंल या भीतीनं. आणि बहावा, गुलमोहर, टॅबेबुया असल्या झाडांना नेमके हे दोन्ही मुहूर्त वाईट आहेत. ऑक्टोबरात छाटलं की पुढच्या उन्हाळ्यात ज्या फांद्यांवर फुलं यायची त्याच गेल्या, आणि मेमध्ये छाटलं तर एकतर झाड ऐन फुलात असतं आणि ४२-४३ अंशांच्या उन्हात आतलं सावलीत वाढलेलं खोड एकदम उघडं पडतं, साल भाजते, तिला भेगा जातात आणि मग त्या भेगांतून कीड शिरते. मग लोक म्हणतात झाडाला काय झालं, दोन वर्षं झाली फुलत नाही. झाडाला काही झालेलं नसतं, छाटणीची वेळ चुकलेली असते.

म्हणून एकच गोष्ट आधी बघायची. तुमच्या झाडाला फूल कुठल्या लाकडावर येतं? गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या, आता तपकिरी झालेल्या जुन्या फांदीवर येतं, का ह्याच वर्षी फुटलेल्या हिरव्या कोवळ्या शेंड्यावर? जुन्या लाकडावर येत असंल तर फुलं संपल्या संपल्या छाटायचं, म्हणजे झाडाला पुढची फांदी तयार करायला अख्खा पावसाळा मिळतो. नव्या शेंड्यावर येत असंल तर पालवी फुटायच्या आधी छाटायचं, म्हणजे भरपूर नवे शेंडे येतात आणि तितकी फुलं जास्त. झाडाचं नाव माहीत नसलं तरी चालतं, एक हंगाम नुसतं निरखून बघा, फुलाचा देठ कुठून निघालाय ते हातानं मागं मागं जाऊन बघितलं की कळतं.

आता एकेक झाड घेऊ, कारण खरी अडचण इथंच होते.

बहावा. एप्रिल-मेमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवरून पिवळे घोस लोंबतात. हे घोस मागच्या वर्षीच्या वाढीवर येतात, त्यामुळं हिवाळ्यात ह्याला हातच लावायचा नाही. फुलं गळून गेली की जून-जुलै हा ह्याचा काळ. पण खरं सांगायचं तर बहाव्याला छाटणी फारशी लागतच नाही, वाळलेली फांदी, एकमेकीला घासणाऱ्या दोन फांद्यांतली एक, आणि डोक्याला लागणारी खालची एखादी, एवढं काढलं की बास. ज्यांना त्या लांब काळ्या शेंगांचा त्रास वाटतो त्यांनी शेंगा नुसत्या तोडाव्यात, त्यासाठी फांदी कापू नये.

गुलमोहर. हा मूळचा मादागास्करचा, आपल्या उन्हात झकास रमला, पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी आणि विस्तार छत्रीसारखा रुंद. वळवाच्या वाऱ्यात सगळ्यात आधी तुटणारं झाड हेच, आणि काळी माती पावसानं मऊ झाली की मुळासकट आडवंही होतं. त्यामुळं ह्याच्या बाबतीत दोन कामं वेगळी धरायची. फुलं मागच्या वर्षीच्या फांद्यांच्या शेंड्याकडं येतात, म्हणून हिरव्या फांद्यांची छाटणी फुलं ओसरल्यावरच. पण वाळकी, किडलेली, अर्धवट चिरलेली आणि घरावर किंवा रस्त्यावर लोंबणारी धोक्याची फांदी मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच काढून घ्यायची, तिथं फुलांचा विचार करायचा नाही. वाळलेलं लाकूड तसंही वर्षभरात कधीही काढलं तरी चालतं, कुठल्याही झाडाचं.

ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल. ह्याचं गणित उलटं आहे. जांभळे तुरे नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून पानगळ झालेली असते तेव्हा, साधारण जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर, छाटून घ्यायचं. झाड उघडं असल्यामुळं आतला सांगाडाही नीट दिसतो. बारीक, पेन्सिलीपेक्षा कमी जाडीच्या गुंतलेल्या काड्या काढल्या आणि लांबलेले शेंडे थोडे आत आणले की एप्रिल-मेमध्ये तुरे मोठे येतात. मार्चमध्ये फांदीवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटीचे कोंब, फुगायला लागले की थांबायचं.

पारिजातकही ह्याच गटातला. श्रावणापासून पुढं दिवाळीपर्यंत पहाटे सडा पाडणारं झाड नव्या काडीवरच फुलतं. फेब्रुवारीत ह्याला जरा कडक छाटलं तरी ते रागवत नाही, उलट न छाटलेला पारिजातक नुसता उंच जातो, खालून बोडका होतो आणि फुलं वर कुठंतरी राहतात. डोक्याएवढ्या उंचीवर ठेवायचा असंल तर दरवर्षी छाटा, तीन वर्षं सोडून देऊन एकदम अर्धा कापू नका.

कांचनाचे दोन प्रकार आपल्याकडं गल्लोगल्ली दिसतात आणि लोक दोघांना एकच समजतात. एक दसरा-दिवाळीच्या आसपास फुलतो, पानं असतानाच. दुसरा फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवर फुलतो. पहिल्याला हिवाळ्याच्या शेवटी छाटायचं, दुसऱ्याला फुलं संपल्यावर. पण ह्या दुसऱ्याची फुलं संपतात तेव्हा ऊन चढलेलं असतं, म्हणून त्या वेळी नुसते वाळके तुकडे आणि शेंगा काढा आणि बाकीची छाटणी पाऊस सुरू झाल्यावर करा. टॅबेबुया आणि पांगारा ह्यांनाही हाच नियम लावा. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात ते बघून खरंच जीव तुटतो, हातानं ओढलेली फांदी जाताना खोडाची वीतभर साल घेऊन जाते आणि ती जखम पुढं कितीतरी वर्षं तशीच राहते. पानं न्यायचीच आहेत ना, मग कात्रीनं टोकाची डहाळी घ्या, झाडही राहील आणि पुढच्या दसऱ्याला पानंही मिळतील.

चाफ्याला, म्हणजे पांढऱ्या नाहीतर लाल खुरचाफ्याला, पाऊस असताना कापायचं नाही. त्याचं लाकूड मऊ, पाणीदार, ओल्या हवेत कापलं की टोक सडत खाली येतं. फेब्रुवारी चांगला. एक फांदी कापली की त्या जागी दोन-तीन फुटतात, आणि फूल प्रत्येक फांदीच्या टोकाला येत असल्यामुळं पुढं फुलंही तितकी वाढतात, पण नव्या फांद्या जरा मोठ्या होईपर्यंत, म्हणजे त्या वर्षी, त्या भागात फुलं कमी दिसणार हे धरून चाला. म्हणून सगळं झाड एकाच वर्षी छाटू नका, अर्धं यंदा, अर्धं पुढच्या वर्षी. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला. कापलेल्या हातभर फांद्या फेकू नका, सावलीत आठ-दहा दिवस उभ्या ठेवून चीक सुकू द्या आणि मग लावा, बहुतेक लागतात.

टेकोमा, कण्हेर, सोनचाफा ही थोडी थोडी जवळपास वर्षभर फुलणारी. ह्यांचा एक बहर ओसरला की हलकी छाटणी, विषय संपला. कण्हेरीबद्दल मात्र एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा, पिवळी असो का लाल, तिचा सगळा भाग विषारी आहे. छाटलेला पाला शेळ्यांपुढं टाकायचा नाही, उकिरड्यावर जनावरांच्या तोंडाला येईल असा ठेवायचा नाही, आणि जाळायचाही नाही, धूरसुद्धा घातक असतो. खड्डा करून पुरून टाका.

आता जूनचा प्रश्न. बहावा-गुलमोहराची फुलं संपतात तोवर मृग लागलेला असतो आणि भर पावसात ओल्या जखमेवर बुरशी बसायचा धोका, मग कापायचं कधी? ह्याला आपल्या मराठवाड्याचा पाऊसच उत्तर देतो. इथं पाऊस सलग पडत नाही, मृगाचा एक-दोनदा पडतो आणि मग दडी मारतो, शेतकऱ्याच्या जिवाला दुबार पेरणीचा घोर लावणारी ती उघडीप असते, पण झाडाच्या छाटणीला तीच बरोबर वेळ आहे. मातीत ओल असते, ऊन मेसारखं नसतं, झाड वाढीच्या जोरात असल्यामुळं जखम लवकर कडेनं भरायला लागते, आणि दोन-चार दिवस कोरडे मिळतात. साधारण जूनच्या शेवटापासून जुलैअखेरपर्यंतची अशी उघडीप पकडायची. ऑगस्टपासून पुढं ह्या झाडांना सोडून द्या. आणि शिडी लावताना बघा, ओल्या काळ्या रानात शिडीचा एक पाय गपकन खचतो, खाली जाड फळी टाकल्याशिवाय चढू नका, आणि खाली धरायला एक माणूस पाहिजेच.

चढायच्या आधी झाडाखाली उभं राहून पाच मिनिटं नुसतं वर बघा. कावळ्यांची घरटी एप्रिलपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत असतात, पिल्लं असतील तर उडून जाईस्तोवर थांबा. मोहोळ आहे का बघा. विजेची तार झाडातून किंवा अगदी जवळून गेली असंल तर स्वतः अजिबात कापायचं नाही, महावितरणला कळवून लाईन बंद केल्यावर त्यांच्याच माणसांकडून करून घ्यायचं, हिरवी ओली फांदी तारेला टेकली की करंट खाली येतो. आणि तुम्ही नगरपालिका नाहीतर महानगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी. बारीक काड्या वेगळ्या, पण मोठ्या फांद्या काढायच्या असतील तर आधी उद्यान विभागात अर्ज द्या. ५० वर्षांपुढचं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष धरलं जातं, तिथं तर जास्तच काळजी.

हत्यारं म्हणाल तर अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंत सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, त्याच्या पुढं घडीची करवत. कोयता आणि कुऱ्हाड नको. घावानं लाकूड चिरतं, चार घाव चार ठिकाणी बसतात आणि त्या खाचांत पाणी साचतं. धार चांगली पाहिजे, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं स्पिरिटनं पुसून घ्या, किडक्या झाडावर वापरलं असंल तर नक्कीच.

आता मुख्य काप, जो मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांदीला द्यायचा असतो. समजा गुलमोहराची एक फांदी पत्र्याच्या शेडवर आलीय. खोडाजवळ जाऊन बघा, फांदी जिथून निघते तिथं बुडाशी थोडा फुगीर भाग दिसेल, साल सुरकुतलेली, फांदीच्या वरच्या बेचक्यात तर सालीची एक काळसर उभी वळी स्पष्ट दिसते. ह्या फुगवट्याला कॉलर म्हणतात आणि जखम भरायची सगळी ताकद त्याच्यात असते. तो कापायचा नाही. आधी खोडापासून हात-दीड हात लांब, फांदीच्या खालच्या बाजूनं वर करवत चालवा, एक तृतीयांश जाडी होईपर्यंत, करवत अडकायला लागली की थांबा. मग त्याच्या दोन बोटं बाहेरच्या बाजूला वरून कापा. फांदी आपल्या वजनानं कड्कन मोडते आणि खालच्या कापापाशी येऊन सुटते, खोडाची साल सोलत नाही. हा खालचा काप न देता नुसतं वरून कापत गेलात तर शेवटची दोन इंच लाकूड राहिलेलं असताना फांदी खाली झुकते आणि खोडावरून हातभर साल सोलत नेते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना परत सांगावं लागत नाही. शेडवर पडायची भीती असंल तर फांदीला आधी दोर बांधून वरच्या मजबूत बेचक्यातून घेऊन खाली माणसाच्या हातात द्या आणि तुकड्या-तुकड्यानं उतरवा. आता उरलेला बुडखा हलका असतो, तो एका हातानं धरून कॉलरच्या अगदी बाहेर, थोडा तिरका, तिसरा काप द्या. खोडाला चिकटून सपाट नाही, आणि वीतभर खुंट ठेवूनही नाही. सपाट कापली तर कॉलर जाते, खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत खोडात उतरते.

अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो ह्यांनी अशी असंख्य झाडं उभी चिरून आत काय होतं ते बघितलं. त्यांनी दाखवलं की झाडाची जखम माणसासारखी बरी होत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून ती झाकतं. जखमेवर फासलेल्या रंगानं कूज थांबत नाही हेही त्यांच्याच कामातून पुढं आलं. त्यामुळं ऑइल पेंट, डांबर, शेणाचा जाड थर हे काही लावू नका, आत ओल कोंडून राहते. आपल्याकडं मोसंबीवाले, डाळिंबवाले बोर्डो पेस्ट लावतात ती बुरशीनाशक म्हणून, आणि पावसाळ्यात मोठ्या कापावर तिचा पातळ हात द्यायला माझी हरकत नाही, पण काप चुकीचा असंल तर पेस्ट काही करू शकत नाही. करायची असंल तर १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे विरघळवा, लोखंडी भांडं नको. चुना विरताना उकळतो, तोंड लांब ठेवा. गार झाल्यावर दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळा. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, अजून थोडा घाला. त्याच दिवशी वापरायची, उद्यासाठी ठेवायची नाही.

किती कापायचं? एका वर्षात हिरव्या पसाऱ्याचा जास्तीत जास्त पाव भाग, म्हाताऱ्या झाडाचा त्याहून कमी. क्रम असा धरा: आधी वाळकं, मग किडलेलं, मग घासणारं, आणि मग मागं सरकून बघा, बऱ्याचदा एवढ्यातच काम झालेलं असतं. फांदीची लांबी कमी करायची असंल तर मधेच कुठंही तोडू नका, तिच्यावरच्या एखाद्या उपफांदीपर्यंत मागं या, ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाड पाहिजे, म्हणजे पुढचा जोम तिच्यात जातो. खोडावर भुश्याची जाळी आणि छिद्र दिसलं तर ती साल खाणाऱ्या अळीची आहे, जाळी तारेच्या ब्रशनं साफ करा, छिद्रात तार घालून अळी काढा आणि ते चिखलानं बुजवा.

आणि मुंडण करू नका, ही कळकळीची विनंती. सगळ्या फांद्या मधून उडवून नुसते खुंट उभे ठेवायचे आणि वर म्हणायचं आता छान फुटेल. फुटतं, खरंच धो-धो फुटतं, पण ते सगळे पानसोट असतात, सरळ वर जाणारे, लुसलुशीत, सालीपाशी नुसते चिकटलेले. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि खालचा खुंट तोवर आतून कुजलेला असतो, मग पहिल्याच मोठ्या वाऱ्यात मोडून खाली येतात. म्हणजे ज्या भीतीनं कापलं तोच धोका वाढवून ठेवला, आणि फुलं गेली ती वेगळीच. झाड जागेला फारच मोठं झालंय असं वाटत असंल तर बाहेरच्या फांद्या वर सांगितल्यासारख्या दोन-तीन वर्षांत हळूहळू आत आणा.

ज्यांचं मुंडण आधीच होऊन गेलंय, त्यांनी सगळे पानसोट एकदम काढू नका, झाड परत तितकेच फोडतं. पहिल्या वर्षी प्रत्येक खुंटावरचे निम्मे बारीक सोट काढा, पुढच्या वर्षी उरलेल्यातले जोमदार, बाहेरच्या दिशेला झुकलेले दोन ठेवून बाकीचे काढा, तिसऱ्या वर्षी दोनातला एक. तीन-चार वर्षांनी परत फांदीसारखी फांदी तयार होते.

नवीन लावलेल्या झाडाला मात्र पहिली चार-पाच वर्षं लक्ष दिलं तर पुढचं हे सगळं वाचतं. गुलमोहराला तर विशेष. एकच मुख्य शेंडा सरळ वर जाऊ द्या, दोन सारखे शेंडे अरुंद बेचकं करून वर चालले असतील तर त्यातला एक बोटाएवढा असतानाच काढा, कारण असल्या बेचक्यात साल आत दुमडून अडकते, जोड पक्का होत नाही आणि झाड मोठं झालं की उभं चिरतं. बाजूच्या फांद्या खोडावर गोल फिरत, एकमेकींपासून हातभर अंतरानं राहतील अशा निवडा. खालच्या बारीक फांद्या लगेच साफ करू नका, त्यांच्या सावलीनं खोड उन्हात भाजत नाही आणि खोड जाडही होतं, झाड डोक्याच्या वर गेलं की मग दरवर्षी एक-दोन काढा.

छाटणी झाल्यावर फेब्रुवारीचं काम असंल तर आळं करून भरपूर पाणी द्या, बुडाशी पालापाचोळ्याचा थर टाका, पण खोडाला टेकू देऊ नका. युरिया टाकू नका, नुसता पाला सुटतो आणि मावा येतो. दीड-दोन महिन्यांनी एकदा चक्कर मारा, कापाच्या भोवती डझनभर कोवळे डोळे फुटलेले दिसतील, नको असलेले तेव्हाच नखानं खुडून टाका, तेवढं केलं की त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी करवत काढावी लागत नाही.